सन १९६९ : तारखांचे नाते

सनावळ्या पाठ करताना तुम्हांला कंटाळा येतो ना? पण तारखांचे एकमेकींशी नाते असते. ते कळले, की सनावळी गोष्टीसारखी वाचता येते. आपल्या देशाचे १९६९ हे वर्ष पाहा.

३ मे रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे दिल्लीत निधन झाले. पदावर असताना निधन पावलेले ते पहिले राष्ट्रपती. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी त्यांचे काम हाती घेतले. परंतु राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी जुलैमध्ये त्यांनी राजीनामा दिला. आता दोन्ही पदे रिकामी! मग राष्ट्रपतींचे काम कोणी पाहायचे? अशा प्रसंगासाठी संसदेने मे महिन्यातच कायदा केला होता. त्यानुसार सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला २० जुलैला हंगामी राष्ट्रपती झाले. ऑगस्टमध्ये गिरी निवडून आले आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी हरले. पक्षात आधीपासून धुमसणारा वाद चिघळला व नोव्हेंबरमध्ये पक्ष फुटला.

याच धामधुमीत, १९ जुलैला १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १५ ऑगस्टला ‘इस्रो’ ही अंतराळ संशोधन संस्था स्थापन झाली.

हे गांधीजींच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. तरीही सप्टेंबरमध्ये त्यांच्याच गुजरातमध्ये, अहमदाबादेत, भीषण दंगल उसळली आणि शेकडो माणसे प्राणांस मुकली. शताब्दीसाठी भारतात आलेल्या खान अब्दुल गफारखान यांनी शांततेसाठी उपोषण केले. वर्षाच्या पानावर अभिमानाच्या घटनांबरोबर अशा दुःखद घटनाही असतात. त्या वगळून इतिहास पूर्ण होत नाही.

१३ जून रोजी आचार्य प्र. के. अत्रे यांचे मुंबईत निधन झाले. झाकीर हुसेन आणि अत्रे हे दोघेही मुळात शिक्षक. एकाने वयाच्या तेविसाव्या वर्षी ‘जामिया मिल्लिया’च्या स्थापनेत भाग घेतला, तर दुसरे पुण्यात मुख्याध्यापक होते. झाकीर हुसेन यांनी मुलांसाठी उर्दूत ‘अब्बू खाँ की बकरी’ ही गोष्ट लिहिली. अत्रे यांनी मराठी मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ तयार केली. माणसे गेली, त्यांनी मुलांसाठी केलेले काम मागे राहिले.

आता तुमच्या जन्मवर्षातील पाच घटना वहीत लिहा आणि त्यांचे एकमेकींशी काही नाते आहे का, ते शोधा.