स्लॅब गळला तर जबाबदार कोण? गुत्त्याच्या घराविषयी काही गैरसमज

घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. अशा गावात घर बांधताना बिल्डर मध्ये नसतो. जागा आपली, पैसा आपला, काम गुत्तेदाराचं. दर चौरस फुटावर ठरतो, इसार रोख दिला जातो आणि बाकीचं सगळं शब्दावर चालतं. दोन पावसाळ्यांत स्लॅब गळू लागला की कोणीतरी सांगतं, ‘रेरात जा, पाच वर्षांची हमी असते.’

ही हमी खरी आहे, पण ती या घराला लागू नाही. २०१६ चा रेरा कायदा घरं बांधून विकणाऱ्या विकासकासाठी आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. जालन्यात किंवा छत्रपती संभाजीनगरला फ्लॅट घेतला असेल, तर हे कलम कामाचं. स्वतःच्या जागेवर स्वतःसाठी बांधलेल्या घरात मात्र विकासकही नाही आणि विक्रीही नाही.

मग ऐकू येतं, ‘कागदच नाही, आता दावा कसला करणार?’ हे त्याहून चूक. १८७२ च्या करार कायद्याने तोंडी करारही करारच असतो. ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत ग्राहक कायद्याने घरबांधणीचा नाव घेऊन समावेश केलेला आहे, आणि १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही घरबांधणी ही सेवा मानली. सिमेंट आणि सळई तुम्ही आणून दिली आणि गुत्तेदाराने फक्त मजुरीचा ठेका घेतला, तरी तो सेवाच देत असतो. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालते, आणि पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही. फोनवरून दिलेले पैसे, व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला दर, कामावर हजर असलेले शेजारी हा सगळा पुरावाच असतो.

लोक हरतात ते मुदतीत. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावं लागतं. गुत्तेदार गावातलाच, कधी भावकीतला. ‘पुढच्या उन्हाळ्यात वॉटरप्रूफिंग करून देतो’ म्हणतो आणि त्या भरवशावर दोन उन्हाळे निघून जातात. उशीर का झाला हे पटवून देता आलं तर आयोग तो माफ करू शकतो, पण नुसत्या तोंडी आश्वासनांवर ते पटवणं फार जड जातं. नाती मोडू नयेत म्हणून माणसं गप्प बसतात हे मला समजतं. तरीही गळतीची तारीख लिहिलेलं एक साधं पत्र स्पीड पोस्टाने पाठवायला काय हरकत आहे?

२०२४ नंतर एक नवा समज पसरला आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही असा निकाल दिला. त्यावरून काही जण म्हणू लागले की आता इंजिनिअर आणि आर्किटेक्टही सुटले. तो निकाल वकिलांपुरता आहे. अशील वकिलावर थेट नियंत्रण ठेवतो म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार ठरतो, असं न्यायालयाने म्हटलं. हा नियंत्रणाचा निकष गावातही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. रोजंदारीवर गवंडी लावून तुम्हीच त्याला ‘इथे बांध, एवढा माल टाक’ सांगत असाल, तर तुमचं त्याच्याशी नातं मालक-मजुराचं होतं आणि ग्राहक म्हणून तक्रार करणं अवघड होतं. गुत्तं देणं आणि रोजंदारीवर काम करून घेणं यांत कायद्याच्या दृष्टीने मोठं अंतर आहे.

भिंत तडकली की सगळा दोष मिस्त्रीचा, हेही सरसकट धरू नये. या भागात काळी माती आहे. ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरच पाया ठेवला तर घर दरवर्षी हलतं. म्हणून पाया खाली मुरमापर्यंत न्यायचा किंवा त्या मातीला साजेशी रचना करून घ्यायची. प्रश्न असा की खोली ठरवली कोणी? नकाशात मुरमापर्यंत लिहिलं असून मिस्त्रीने वरच थांबवलं तर चूक त्याची. इंजिनिअरने माती न पाहताच आराखडा दिला असेल तर ती त्याच्यावर जाते. आणि खर्च वाचवायला मालकानेच ‘एवढं पुरे’ म्हटलं असेल तर कोणत्याही आयोगापुढे त्याची बाजू लंगडी पडते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. शिल्पकार आणि रचना सल्लागार दोघांवर गुन्हा दाखल झाला. त्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयात सल्लागाराच्या जामिनाची सुनावणी झाली, तेव्हा वाद याच मुद्द्यावर होता की नेमकं कोणतं काम त्याच्यावर सोपवलं होतं. कोणाकडे काय सोपवलं, हे अर्ध्या पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या, तर गावातल्या घराचाही हा वाद सुटू शकतो.

२०२१ मध्ये राज्य सरकारने ग्रामीण भागात ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचना विभागाच्या परवानगीतून सूट दिली. ‘आता कुणालाच विचारायचं नाही’ असा तिचा अर्थ लावला गेला. कागदपत्रं आणि शुल्क ग्रामपंचायतीत भरावंच लागतं, आणि आराखडा नियमाप्रमाणे असल्याचं आर्किटेक्टचं किंवा परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्रही लागतं. सरकारी छाननी कमी झाल्यामुळे त्या सहीचं वजन वाढलं आहे. जागा न पाहता सही करणाऱ्याला पैसे देऊ नका.

घरपट्टी भरली आणि नमुना ८ वर नाव लागलं म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं, असंही नाही. ती कर आकारणीची नोंद आहे. कितीही वर्षं लोटली तरी अनधिकृत बांधकाम आपोआप नियमित होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये बजावलं.

काम चालू असताना सेंट्रिंग कोसळून कोणी दगावलं, तर प्रकरण नुकसानभरपाईवर मिटत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे हयगयीने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या ३०४-अ मध्ये ती दोन वर्षं होती. दुसरा बदल फारसा कोणाच्या लक्षात आलेला नाही. इमारत पाडताना किंवा दुरुस्त करताना केलेली हयगय जुन्या कलम २८८ मध्ये होती. नव्या कलम २९० मध्ये ‘बांधताना’ हाही शब्द आला आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे, आणि त्यासाठी कोणाचा जीव जावा लागत नाही.

गळती आत्ताच सुरू झाली असेल, तर दुरुस्तीआधी तारखेसह फोटो काढा, त्या बांधकामाशी संबंध नसलेल्या अभियंत्याकडून लेखी अहवाल घ्या आणि सिमेंट-सळईची बिलं शोधून ठेवा. माल निकृष्ट निघाला तर विक्रेता आणि उत्पादक यांच्याविरुद्धही तक्रार करता येते. बिल नसेल, तर तो माल त्याच दुकानातला होता हे सिद्ध करायला फार कष्ट पडतात. पहिली चौकशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येते.