"आई हाक मारेपर्यंत" म्हणजे किती मिनिटं?

गोराईत एका संध्याकाळी लगोरी खेळणाऱ्या मुलाला मी विचारलं, "काल किती वेळ खेळलास रे?" तो म्हणाला, "आई हाक मारेपर्यंत." माझ्या पीएचडीची सगळी अडचण या उत्तरात आहे.

५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि ११ ते १७ वयाची जगातली ८१ टक्के शाळकरी मुलं तेवढी करत नाहीत, हा २०१६ चा आकडा तुम्ही कुठेतरी वाचला असेल. तो १४६ देशांतल्या सर्वेक्षणांवरून काढलाय, पण मुलांना विचारून. गेल्या सात दिवसांत किती दिवस एकूण ६० मिनिटं हालचाल केली, अशा धर्तीचे प्रश्न. आता लगोरीवाल्या पोराने दिवसभरातली पळापळ मनात जोडून याचं उत्तर कसं द्यायचं?

शिवाय तेव्हाचा निकष 'रोज ६०' असा होता. 'सरासरी' हा शब्द २०२० मध्ये आला. समजा एक मुलगी पाच दिवस ७५ मिनिटं खेळते आणि क्लासच्या दोन दिवशी ४० च मिनिटं. जुन्या नियमाने ती नापास. नव्या नियमाने सरासरी ६५, म्हणजे पास! मुलगी तीच, खेळ तोच.

मग विचारण्यापेक्षा मोजू या, म्हणून अ‍ॅक्सेलरोमीटर. काडेपेटीएवढं यंत्र, पट्ट्याने कमरेला बांधायचं. शरीराला बसणारे हिसके ते टिपतं आणि त्यांचे 'काउंट' करतं. मिनिटाला २२९६ च्या वर काउंट गेले तर मध्यम हालचाल, ही इव्हनसन यांची २००८ ची रेषा बरेच जण वापरतात. त्याआधी २००२ मध्ये पुयाऊ यांनी ३२०० ची रेषा सांगितली होती. म्हणजे २५०० काउंटवालं पोर एका शोधनिबंधात चपळ, दुसऱ्यात सुस्त.

पण खरी गंमत वेळेच्या तुकड्यांत आहे. मोठी माणसं नॅशनल पार्कात अर्धा तास सलग चालतात. मुलं तसं करत नाहीत. १९९५ मध्ये बेली आणि सहकाऱ्यांनी ६ ते १० वर्षांच्या मुलांचं निरीक्षण केलं, तर जोरदार हालचालीचा झटका साधारण ३ सेकंदांचा निघाला. लगोरी आठवा: चेंडू मारला, सुसाट पळालो, मग "मला लागलाच नाही" यावर भांडण. समजा एका मिनिटातले १५-१५ सेकंदांचे काउंट १२००, २००, १५० आणि १०० आले. बेरीज १६५०. मिनिटाच्या हिशेबात ही हलकी हालचाल, पळणं गायब. तेच १५ सेकंदांच्या तुकड्यात मोजलं तर रेषा ५७४ ची, आणि पहिला तुकडा जोरदार म्हणून नोंदला जातो. उलटही होतं. पहिल्या तुकड्यात २४०० काउंट आणि नंतर पोर पायरीवर बसून राहिलं, तरी मिनिटाच्या हिशेबात पूर्ण ६० सेकंद जमा! म्हणून मी १५ सेकंदांचे तुकडे घेते. डेटा चौपट होतो, लॅपटॉप कुरकुरतो, पण इलाज नाही.

यंत्रालाही सगळं दिसत नाही. सायकल चालवताना कंबर फारशी हलत नाही, त्यामुळे गोराई गावातून बीचपर्यंत पॅडल मारत गेलेलं पोर जवळजवळ बसूनच होतं असं ते सांगतं. पोहताना तर बहुतेक वेळा काढूनच ठेवतात. आणि सलग तासभर शून्य आलं तर? पोर टीव्हीसमोर आहे की यंत्र दप्तरात, ते यंत्र सांगत नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वजनाचं. तान्ह्या भावाला कडेवर घेऊन जिना चढणारी दहा वर्षांची मुलगी यंत्राला नुसती जिना चढताना दिसते. भावाचं वजन काउंटमध्ये येतच नाही. अशी कामं बहुधा मुलींच्याच वाट्याला येतात. मग 'मुली कमी हालचाल करतात' असं लिहिताना माझा हात अडतो. त्यातलं किती खरं आणि किती यंत्राचा आंधळेपणा? म्हणून मी यंत्रासोबत एक छोटी वही देते. सायकल, पोहणं, पाणी भरणं, भावंड सांभाळणं, काहीही लिहा म्हणते. मिनिटं नाही लिहिली तरी चालेल.