राक्षसाचं ताट

तुळशीदास शाहिराच्या सिंहगडाच्या पोवाड्यात उदेभानाची ओळख होते ती त्याच्या जेवणावरून. वेश पालटून गडाखालच्या कोळ्यांकडे गेलेला तानाजी माहिती काढतो, तेव्हा किल्लेदाराच्या तलवारीआधी त्याचं ताट समोर येतं: दीड गाय, दीड मेंढी आणि वर तांदळाचा ढीग. मग अठरा बायका, चंद्रावळी नावाचा माणसं मारणारा हत्ती, सिद्दी हिलाल हा तोडीस तोड साथीदार आणि बापापेक्षा दांडगे बारा मुलगे. पोवाडे ऐकत वाढलेल्यांना ही यादी नवी नाही. शाहीर ती ठसक्यात म्हणतो, ऐकणारे दाद देतात आणि कथा गड चढायच्या घोरपडीकडे सरकते. पण यादीपाशी जरा थांबलं की एक अडचण उभी राहते. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत हाच उदेभान रजपूत आहे. मग रजपुताच्या ताटात शाहिरानं गाय का वाढली?

शाहिराला इतिहास ठाऊक नव्हता, हे सोपं उत्तर झालं आणि इतिहासकारांनी ते केव्हाच देऊन ठेवलं आहे. सिंहगड ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री घेतला गेला. सभासदानं बखर लिहिली १६९४ च्या सुमारास, जिंजीला, राजारामांच्या सांगण्यावरून. पोवाडा मात्र गोंधळ्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिला आणि हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या १८९१ च्या संग्रहात छापून आला. ॲकवर्थ हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याच्या कुष्ठरुग्णालयाला आजही त्यांचं नाव आहे. त्यांनी यातले निवडक पोवाडे इंग्रजी पद्यात उतरवले आणि १८९४ साली लंडनहून प्रसिद्ध केले. तारीख, माणसांची संख्या, कोण कोणाच्या हातून पडलं, या प्रश्नांना पोवाडा हा पुरावा नाही आणि तो तसा वापरूही नये. पण शाहिरानं जे रचलं आणि गोंधळ्यांनी जे टिकवलं, ते कशासाठी, हा प्रश्न त्यानं मिटत नाही. चुकीची माहिती आणि हेतूनं केलेली रचना यांत फरक आहे, आणि उदेभानाचं ताट ही रचना आहे असं माझं म्हणणं आहे.

त्यासाठी महाभारताच्या आदिपर्वातल्या एकचक्रा नगरीत जावं लागतं. तिथं बकासुराचा रतीब ठरलेला आहे: गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस. पांडवांना आश्रय देणारा ब्राह्मण कुंतीला जे सांगतो ते फार बारकाईनं वाचण्यासारखं आहे. तिथला राजा दुबळा, त्याच्याच्यानं प्रजेचं रक्षण होत नाही. ते बक करतो आणि मोबदल्यात जेवण घेतो. म्हणजे हा राक्षस त्या मुलखाचा एका अर्थी किल्लेदार आहे. भीम गाडा घेऊन जातो आणि तिथंच बसून बकाचं अन्न स्वतः खायला लागतो. बक पाठीवर तडाखे घालतो तरी हा जेवण संपवल्याशिवाय उठत नाही. भात आणि जनावरं, खाण्याचं अचाट माप, मुलूख दाबून बसलेला रखवालदार: उदेभानाचं ताट हा बकाचा गाडाच आहे. कथा-कीर्तनांतून महाभारत कानावर पडलेल्या श्रोत्याला हा इशारा पुरेसा होता. सभासदाचा रजपूत दीड गाय खायला बसला, त्या क्षणी त्याची जात, कूळ, मोगलांची चाकरी सगळं पुसलं गेलं. आता त्याला मारायला कारण विचारावं लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, की खादाडपणाची अतिशयोक्ती लोकगीतांत पावलोपावली असते, तिला एकचक्रेपर्यंत कशाला ओढायचं? योग्य शंका आहे. पण या पोवाड्यात माप लावलंय ते शत्रूच्या जेवणाला. तानाजी येतो तो मुलाचं, रायबाचं लग्न टाकून, घरचा मांडव मागं ठेवून. जिजाबाई त्याला ओवाळते. एकीकडे टाकून दिलेलं लग्नघर आणि दुसरीकडे भरलेलं ताट, ही मांडणी आपोआप होत नाही. शिवाय खादाडी नुसती गंमत म्हणून असती, तर पाठोपाठ हत्ती, सिद्दी आणि बारा मुलगे एकामागून एक झुंजायला आले नसते. वाढत्या चढणीच्या या लढती म्हणजे राक्षसकथेचा ठरलेला जिना आहे, आणि तो जगभर एकाच तऱ्हेनं बांधलेला दिसतो.

इंग्रजी भाषेच्या अगदी जुन्या थरातलं ‘बेवुल्फ’ घ्या. डेन राजाच्या दरबारात ग्रेंडेल शिरतो आणि पहिल्याच रात्री तीस वीर उचलून नेतो. तो माणसं खातो. बेवुल्फच्या हाताच्या पकडीत तीस माणसांचं बळ आहे, असं कवी सांगतो. हा तीस आणि तो तीस योगायोगानं जुळलेले नाहीत. राक्षसाचं पोट आणि नायकाची मूठ एकाच मापानं मोजली आहे. बेवुल्फ शस्त्राविना लढतो, ग्रेंडेलचा हात खांद्यापासून उपटतो आणि तो हात दरबारात टांगला जातो. मग त्याची आई येते. ती एकच माणूस नेते, पोराच्या बदल्यात एक. त्या काळच्या सुडाच्या रिवाजात हा हिशेब चोख आहे, आणि कवीलाही ते कळतं, कारण तिच्या दुःखाचा उल्लेख तो टाळत नाही. मोठमोठ्या विद्वानांना या राक्षसांची लाज वाटे. एवढं भारदस्त काव्य आणि मध्यभागी असले बागुलबुवा, असा डब्ल्यू. पी. केर यांच्यासारख्यांचा सूर होता. १९३६ साली टॉल्किन यांनी ब्रिटिश अकादमीपुढच्या व्याख्यानात तो सूर मोडून काढला. राक्षस मध्यभागी आहेत म्हणूनच काव्य मोठं आहे, हे त्यांनी दाखवलं. माझ्या मते ते बरोबर होते, आणि त्यांचा युक्तिवाद तुळशीदासालाही लागू पडतो.

तो कसा, हे दोन्ही नायकांच्या मरणात दिसतं. बेवुल्फ पन्नास वर्षं राज्य करतो आणि म्हातारपणी एका अग्निमुखी सर्पाशी लढताना मरतो. इतक्या मोठ्या वीराला माणसाच्या हातून मरण देणं कवीला जमलं नाही. त्या शेवटच्या लढतीत सोबती पळून जातात आणि विग्लाफ हा तरुण नातलग एकटा पुढं सरसावतो. पोवाड्यात हत्ती, सिद्दी आणि बारा मुलगे कापून थकलेला तानाजी उदेभानाच्या हातून पडतो आणि ऐंशी वर्षांचा शेलारमामा उदेभानाला संपवतो. तिथं तरुण नातलग, इथं म्हातारा, पण जागा तीच. सभासद असं काही करत नाही. त्याच्या बखरीत तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तो डाव्या हाताची ढाल करून वार झेलत राहतो, आणि दोन तोलामोलाचे वीर एकमेकांच्या हातून पडतात. एक मोडलेली ढाल, एवढंच. ते वाचताना घशात आवंढा येतो. पण गावोगावच्या देवळापुढं जमलेल्या लोकांना तानाजी एका साध्या किल्लेदाराच्या हातून, ढाल तुटली म्हणून गेला हे पचणारं नव्हतं. त्या मरणाला साजेसा मारेकरी लागत होता. गाय त्यासाठी वाढली गेली.

भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला शत्रूला राक्षस का करायचं, या प्रश्नाची दुसरी बाजू घरबसल्या मिळते, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. जवळच्याच गनियारी गावच्या तीजनबाई. आजोबा ब्रिजलाल पारधी यांच्याकडून त्यांनी महाभारत ऐकलं, तेराव्या वर्षी चंद्रखुरीला पहिली पंडवानी, म्हणजे छत्तीसगढी बोलीतली महाभारतकथा, गायली. बायकांनी बसून, वेदमती अंगानं गायची रीत असताना त्यांनी पुरुषांची कापालिक शैली घेतली, म्हणजे उभं राहून, फिरून, अभिनय करत सांगायचं. भिलाई इस्पात कारखान्यात नोकरीही केली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पंडवानीचा खरा नायक भीम. हातातला तंबुरा क्षणात गदा होतो आणि साथीदार रागी हुंकार देत कथेला पुढं ढकलत राहतो. तीजनबाईंचा गाजलेला प्रसंग दुःशासनवधाचा, आणि तो बकवधाच्या नेमका उलट आहे. दुःशासन राक्षस नाही. तो सख्ख्या चुलत्याचा मुलगा आहे. त्याच्यापुढं गाडाभर भात मांडता येत नाही. त्यानं जे केलं ते भर सभेत, माणूस म्हणून केलं. मग राक्षसपणा जातो कुठं? तो भीमाच्या अंगावर येतो. कर्णपर्वात भीमाला दुःशासनाचं रक्त पिताना पाहून सैनिक पळत सुटतात आणि हा माणूस नव्हे, राक्षस आहे असं ओरडतात. पुढं स्त्रीपर्वात गांधारी त्याला याबद्दल विचारते, तेव्हा रक्त ओठांच्या आत गेलंच नाही असं हा महाबली तिला सांगतो. संपूर्ण महाभारतात भीम इतका लहान कुठंच दिसत नाही. बकाचं जेवण ओरपताना त्याला कोणी जाब विचारला नव्हता.

म्हणून मी असं म्हणते, की वीरकाव्यात राक्षसपणाचा एक ठरावीक बोजा असतो आणि तो कोणाला तरी उचलावा लागतो. शत्रूच्या ताटात टाकला तर नायकाचे हात स्वच्छ राहतात. शत्रूला माणूस राहू दिलं तर नायकाचं तोंड माखतं. मध्ययुगीन इंग्रजीतल्या राजा रिचर्डच्या रोमान्समध्ये हे उघड उघड घडतं. आजारी रिचर्डला डुकराचं मांस हवं असतं, ते मिळत नाही, तेव्हा त्याला मारलेल्या सारासेनाचं, म्हणजे मुसलमान योद्ध्याचं, मांस शिजवून वाढलं जातं. पुढं सलादिनच्या वकिलांना मेजवानीला बोलावून तो त्यांच्याच नातलगांची शिजवलेली मुंडकी ताटात ठेवतो. हे धर्मयुद्धाचा अभिमान बाळगणारं काव्य आहे, आणि तरी त्यातला नरभक्षक आपला राजा आहे.

इथं गंभीर आक्षेप येतो तो धर्मद्वेषाचा. सारासेन राक्षस आणि गाय खाणारा उदेभान ही परधर्मीयांना माणसातून उठवण्याची एकच युक्ती नव्हे काय? काही अंशी आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. गाय निवडताना शाहिराला श्रोत्यांची चीड हवी होती, हे स्पष्ट आहे. पण नुसत्या द्वेषानं ही काव्यं उलगडत नाहीत. ‘सुलतान ऑफ बॅबिलॉन’ या सुमारे १४०० च्या रोमान्समध्ये बॅरोक नावाची राक्षसी कोयता घेऊन लढते आणि मारली जाते. मग तिची दोन बाळं सापडतात, सात महिन्यांची आणि चौदा फूट उंच. शार्लमेन त्यांना बाप्तिस्मा देऊन रोलां आणि ऑलिव्हर ही आपल्या सर्वांत लाडक्या वीरांची नावं ठेवतो. आईच्या दुधावाचून ती मरतात. निव्वळ द्वेष करणाऱ्याला हे दूध आठवलं नसतं. राक्षस रचता रचता कवीचा हात मध्येच अडखळतो, आणि मला या काव्यांत सर्वांत प्रिय काही असेल तर ते हे अडखळणं.

वीरांचा दिलदारपणा, ज्याला तिकडं शिव्हलरी म्हणतात, तो इंग्रजीत शिखराला पोचतो ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’मध्ये, चौदाव्या शतकाच्या अखेरीला. तिथंही सुरुवात जेवणानं. नववर्षाच्या मेजवानीत काही अद्‌भुत पाहिल्या-ऐकल्याशिवाय राजा आर्थर जेवायला बसत नाही, असा त्याचा नेम. तेवढ्यात हिरव्या रंगाचा प्रचंड पुरुष घोड्यावरून दिवाणखान्यात येतो, स्वतःचं मुंडकं उडवायचं आव्हान देतो, आणि गवेननं ते उडवल्यावर उचलून हातात घेऊन निघून जातो. वर्षानं परतफेडीचा वार घ्यायला निघालेला गवेन वाटेत एका वाड्यात नाताळचा पाहुणचार घेतो, आणि शेवटी कळतं, की ज्यानं पंगतीला बसवलं तोच हा हिरवा पुरुष. गवेननं जीव वाचवण्यासाठी यजमानापासून एक कमरपट्टा लपवला होता. त्याबद्दल मानेवर फक्त एक ओरखडा बसतो. राक्षस इथं यजमान निघतो आणि दोष नायकाच्या पदरी पडतो, पण कोणी मरत नाही. असं काव्य क्वचितच जमतं. याचं आणि ‘बेवुल्फ’चं हस्तलिखित रॉबर्ट कॉटन यांच्या एकाच ग्रंथसंग्रहात होतं. १७३१ च्या आगीत ‘बेवुल्फ’ची पानं कडांनी करपली, तरी दोन्ही वाचली.

मराठीत गवेनच्या जवळ जाणारं काही असेल तर ते सभासदाच्या बखरीतलं ते छोटं वर्णन आहे. ते पद्य नाही, दरबारी गद्य आहे, तरी शत्रूला त्याच्या पूर्ण उंचीनिशी उभं करण्याचं काम तिथं झालं आहे. तुळशीदास कमी प्रतीचा कवी होता असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्याला वेगळं काम करायचं होतं आणि ते त्यानं इतकं चोख केलं, की साडेतीनशे वर्षांनंतर तानाजीचं नाव काढलं की बहुतेकांना त्याचाच तानाजी आठवतो. पण फक्त त्याचाच आठवावा, हे मात्र चुकीचं आहे. शिवजयंतीला आपण पोवाडा ठेवतो, आणि भिलाईत तर पंडवानी गाणारे कलाकार हाकेच्या अंतरावर आहेत. येत्या १९ फेब्रुवारीला एकाच मंचावर आधी सभासदाचं ते वर्णन वाचावं, मग सिंहगडाचा पोवाडा व्हावा, आणि शेवटी छत्तीसगढी गायिकेकडून दुःशासनवध ऐकावा. मंडळांच्या कार्यकारिणीवर असलेल्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे.