पिल्लू घरी येण्यापूर्वी



गाय वेणार असली की आपण आठ दिवस आधीपासून तयारीला लागतो. गोठा झाडून घेतो, कोरडा पेंढा पसरतो, गुरांच्या डॉक्टरांना निरोप देऊन ठेवतो. कुत्र्याचे पिल्लू मात्र आपल्याकडे बहुधा न सांगता येते. शाळेतून येताना पोराने ते सदऱ्यात लपवून आणलेले असते. आई म्हणते, "कशाला आणलंस रे हे?" वडील म्हणतात, "असू दे, राखणीला होईल." आणि तेवढ्यावर बोलणे संपते. ते झोपणार कुठे, खाणार काय, त्याला लस कोण टोचून आणणार, हे कोणी विचारीत नाही. आज ह्याच प्रश्नांविषयी थोडे बोलावयाचे आहे.

असे एक पिल्लू मीही आणले होते. १९८७ सालची गोष्ट. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आम्ही चौघे भावंडे दिवसभर त्याच्याशी खेळत असू, आणि खेळता खेळता त्याचे सुईसारखे दात आमच्या हातांना लागत. पाचव्या दिवशी सकाळी ते परसात मरून पडलेले दिसले. कणगीखाली उंदरांसाठी ठेवलेले विष त्याने खाल्ले असावे, असा वडिलांचा तर्क. डॉक्टर म्हणाले, "तुमचा तर्क खराही असेल. पण पिल्लू पिसाळलेलं नव्हतं, हे मला कोण सांगणार?" ह्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याची आई कोण, तिला लस दिली होती का, काहीच ठाऊक नव्हते. त्या काळची लस पोटात टोचीत. रोज एक, अशी चौदा इंजेक्शने आम्हां चौघांना घ्यावी लागली, आणि ऐन पेरणीच्या दिवसांत वडील आम्हांला घेऊन तालुक्याला खेपा घालीत राहिले. त्या जुन्या लशीचे उत्पादन आपल्या देशात २००४ च्या अखेरीस थांबले. आता टोचणे दंडावर होते आणि टोचण्याही कमी असतात. पण विषाची पुडी आधी उचलून ठेवली असती, तर ते पिल्लूही जगते आणि आमचाही त्रास वाचता. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात, ते पिलाच्या बाबतीतही खरे आहे.

तेव्हा तयारीची सुरुवात पिल्लू निवडण्यापासून करा. आठ आठवडे पुरे होण्याआधी पिलाला आईपासून तोडू नये. आईच्या दुधातून त्याला रोगाशी झुंजण्याचे बळ मिळते. आणि किती जोराने चावले म्हणजे दुसऱ्याला दुखते, हे ते आपल्या भावंडांशी खेळतानाच शिकते. ज्यांच्याकडून पिल्लू घ्याल त्यांना तीन गोष्टी विचारा: जन्म कधीचा, जंताचे औषध दिले का, आणि आईला पिसाळण्याविरुद्धची लस दिली होती का. आपल्या घरी पूर्वी एखादे पिल्लू रक्ताची हगवण लागून दगावले असेल, तर नवे पिल्लू आणण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्या. त्या रोगाचे विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकून राहतात.

आता घर. एक दिवस ओणवे व्हा आणि पिलाच्या उंचीवरून आपले घर पाहा. लोक हसतील, हसू द्या. उभ्याने जे दिसत नाही ते तेव्हा दिसेल. कणगीखालची उंदराच्या औषधाची पुडी, कोपऱ्यात टेकवलेली फवारणीच्या औषधाची बाटली, औषध लावलेले बियाणे, मोटारीची लोंबती वायर, शिवणाची सुई, उघडा हौद. उंदरांसाठी जी करड्या रंगाची भुकटी वापरतात, तिचा पोटातल्या आम्लाशी संयोग झाला की विषारी वायू तयार होतो. त्यावर नेमका उतारा नाही. म्हणून असले सारे पदार्थ कुलपात, निदान उंच फळीवर ठेवा. हौदावर झाकण घाला. ही खबरदारी रांगत्या मुलाच्याही उपयोगाची आहे.

पिलासाठी जागा ठरवून ठेवा. ओसरीचा किंवा सोप्याचा कोपरा चांगला, जिथे पाऊस येत नाही, वारा झोंबत नाही आणि माणसांची चाहूल लागते. एक खोके, तळाशी गोणपाट, वर जुन्या वाकळेचा तुकडा, एवढे अंथरूण पुरते. आईपाशी ज्या फडक्यावर ते निजत होते, ते फडके मागून आणा. पहिल्या दोनतीन रात्री पिल्लू रडते, कारण जन्मल्यापासून ते कधी एकटे निजलेले नसते. त्याला रडल्याबद्दल मारू नका. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा आणि पहिले काही दिवस घरातल्या कोणीतरी त्याच्या जवळपास झोपावे.

घर घाण करते, ही दुसरी तक्रार. दोन महिन्यांच्या पिलाला दोनतीन तासांपेक्षा अधिक वेळ धरवत नाही, ह्यात त्याचा दोष नाही. झोपून उठले की, खाल्ले की, खेळून झाले की त्याला परसातल्या एकाच ठराविक जागी न्या; आणि काम झाले की शाबासकी द्या. घाणीत त्याचे नाक घासण्याची पद्धत वाईट. त्याने ते फक्त आपल्याला भ्यायला शिकते.

खाण्याविषयी बोलताना नामदेवांची गोष्ट आठवते. कुत्र्याने कोरडी पोळी पळवली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपल्याला धावावयाचे नाही. थाळीत काय घालावयाचे एवढे ठरवले तरी पुरे. नुसत्या दूधभाकरीवर पिलाची वाढ नीट होत नाही, आणि गाईम्हशीच्या दुधाने पुष्कळ पिलांना ढाळ लागते. भात किंवा कुस्करलेली भाकरी, त्यात उकडलेले अंडे, हाडे काढलेले शिजवलेले मांस किंवा शिजवलेली डाळ घाला. तीन महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून चार वेळा थोडेथोडे, पुढे तीन वेळा आणि सहा महिन्यांनंतर दोन वेळा द्या. पाण्याचा वाडगा जड घ्या, म्हणजे उलटत नाही. आपल्या ताटातला रस्सा मात्र घालू नका. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला बाधतात. शिजवलेल्या हाडाच्या कपच्या घशात किंवा आतड्यात रुततात.

गळ्यातला पट्टा मऊ असावा आणि त्याखाली दोन बोटे सहज जावीत. पिल्लू भराभर वाढते, म्हणून दर आठवड्याला तो सैल करून पाहा. साखळी फिरायला नेण्यापुरती. दिवसभर आखूड साखळीला बांधलेले कुत्रे राखण करीत नाही, ते नुसते चिडके होते. शिवाय, फार आखूड किंवा जड साखळीने जनावर गैरवाजवी वेळ बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही ठाऊक असू द्या.

आणि सर्वांत महत्त्वाची तयारी म्हणजे दवाखान्याची. पिल्लू आणण्याआधीच गुरांच्या दवाखान्यात जाऊन वेळ विचारून या. जंताचे औषध लहानपणी पुन्हा पुन्हा द्यावे लागते. कारण पिलाच्या पोटातले जंत मुलांनाही बाधतात. म्हणून खेळल्यावर मुलांनी साबणाने हात धुतलेच पाहिजेत. सहा ते आठ आठवड्यांपासून इतर रोगांच्या लशी सुरू होतात, आणि तीन महिन्यांच्या सुमारास पिसाळण्याविरुद्धची लस. ती पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे पुन्हा द्यावी लागते. तारखा कार्डावर लिहून घ्या आणि ते कार्ड रेशनकार्डाशेजारी ठेवा. गुरांसाठी आणलेले गोचिडांचे औषध पिलाला अंदाजाने लावू नका. त्याने पिल्लू दगावू शकते.

पिल्लू चावले किंवा त्याचे दात लागून ओरखडा उठला, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. चुना, तिखट, हळद काही भरू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. लस घ्यावयाची की नाही, हे तिथले डॉक्टर ठरवतील. "इवलंसं पिल्लू, त्याचं काय होतंय," असे म्हणू नका. पिलांनाही हा रोग होतो, आणि माणसात त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचवते.

शिक्षकबंधुभगिनींना इथे एक विनंती आहे. चावल्याचे मुले घरी सांगत नाहीत. आपल्याला मार बसेल, पिल्लू घरातून हाकलतील, ह्या भीतीने ती हात पाठीमागे लपवतात. आम्हीही तेच केले होते. पिल्लू मेले नसते, तर आमचे ओरखडे कोणी पाहिलेही नसते. म्हणून वर्गात एकदा स्पष्ट सांगा, "चावलं तर लगेच सांगा, कोणी रागावणार नाही." आणि घरोघरच्या पालकांनी तुमचा हा शब्द खरा करावा.

हिशेब केला तर ह्या तयारीला फार पैसा लागत नाही. खोके, गोणपाट, वाडगा आणि पट्टा, बाकी सारे घरातच आहे. लागतो तो विचार, आणि तोही आधी केलेला. पिल्लू आपल्या घरी दहाबारा वर्षे राहावयाचे असते. आज ते सदऱ्यात लपवून आणणारे पोर कॉलेजात जाईल, तेव्हाही ते दारात बसून त्याची वाट पाहत असेल. एवढ्या काळाच्या सोबत्यासाठी आठ दिवस आधी कणगीखाली वाकून पाहणे काही फार नाही.