बाभळीची मूठ आणि सांबराचं शिंग

उन्हाळा सरत आला की वऱ्हाडातल्या नांदुऱ्याकडच्या गावांत घिसाड्यांचे भाते सुरू होतात. मृगाच्या आत वखराची पास, विळे, खुरपी, कुऱ्हाडी पाजवून घ्यायच्या असतात. त्यातलं पुष्कळसं पोलाद ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचं. मोबाइलवर गाजणाऱ्या ‘शिकारी सुरी घरीच घडवा’ छापाच्या चित्रफितींमध्ये ‘खास स्प्रिंग स्टील’ म्हणून मिरवतं ते हेच. सिलिकॉन-मँगनीज आणि अर्धा-पाऊण टक्का कार्बन असलेलं हे पोलाद भंगारवाल्याकडे किलोवर मिळतं.

खरं कसब पाणी देण्यात आहे. तापलेलं लोखंड ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला दाद देईनासं होतं; त्याच्या थोडं वर कार्बनचे अणू लोखंडाच्या जाळीत सामावतात. पातं एकदम पाण्यात बुडवलं की दार बंद झालेल्या एसटीतल्या प्रवाशांसारखे ते आतच अडकतात. या ताणलेल्या रचनेला जर्मन धातुशास्त्रज्ञ अडॉल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. ती कमालीची कठीण, पण काचेसारखी ठिसूळ.

म्हणून जाणता लोहार फक्त धार बुडवतो, पाठ लालच ठेवतो. धार बाहेर काढून विटेच्या तुकड्यानं घासतो आणि उजळलेल्या पट्टीकडे टक लावून बघत राहतो. पाठीतली धग धारेकडे सरकते, तसा ऑक्साइडचा थर जाड होत जातो आणि रंग बदलतो: २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, ३०० च्या सुमारास निळा. सुरीला हवा तो पिवळा-तपकिरी टप्पा. तो धारेवर आला की पातं पुन्हा पाण्यात! तापमापक नाही, घड्याळ नाही, पण डोळ्यांनी केलेलं हे मोजमाप चोख असतं. विदर्भात लोखंडाची ही विद्या किती जुनी आहे हे तिथल्या नायकुंड गावी दिसलं. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या १९७८-८० मधल्या उत्खननात तिथे महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली.

आता मुठीकडे. शिकारी सुरीला शिंगाची मूठ शोभेसाठी लावतात, असा समज आहे. त्यात तथ्य फार थोडं. गाई-म्हशीचं शिंग केराटिनचं, म्हणजे नखाच्या जातीचं. हरणवर्गातल्या सांबराचं शिंग मात्र अस्सल हाड असतं. ते दरवर्षी गळतं आणि दरवर्षी नव्यानं उगवतं. यॉर्क विद्यापीठातल्या जॉन करी या प्राणिशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये तीन हाडं तपासली: तांबड्या हरणाचं शिंग, गाईच्या मांडीचं हाड आणि देवमाशाच्या कानातलं हाड. त्यांत खनिजांचं प्रमाण अनुक्रमे ५९, ६७ आणि ८६ टक्के निघालं. खनिज जितकं जास्त तितकं हाड ताठ, पण तितकंच लवकर मोडणारं. सर्वांत कमी खनिज असलेलं शिंग फोडायला मांडीच्या हाडाच्या साडेतीन पट ऊर्जा लागली! ज्या अवयवानं टकरी झेलायच्या, त्याची घडण अशीच हवी. पुढे करी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की नर झुंजतात तेव्हा शिंग वाळलेलंच असतं. एरवी हाड वाळलं की ठिसूळ होतं. शिंग वाळूनही आघात पचवतं. सुरीच्या मुठीला नेमकं हेच हवं असतं. शेफिल्डचे सुरीकार हिंदुस्थानातून सांबरशिंगं मागवत, तीही त्यांचा गाभा भरीव असतो म्हणून.

आणि इथेच चित्रफितींमधली सर्वांत घातक थाप येते: ‘शिंग जंगलात आपोआप गळलेलं आहे, म्हणून कायदेशीर.’ भारतात हे चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्यप्राण्याच्या अवशेषांची मालकी सरकारची. नांदुऱ्याच्या उत्तरेला सातपुड्यात, अंबाबरवा अभयारण्यात पडलेलं शिंग उचलून मूठ करणं हा गुन्हा ठरतो. गळलेलं शिंग जंगलात वायाही जात नाही. साळिंदरं ते ओढून बिळाशी नेतात आणि कुरतडतात. त्यातून त्यांना कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळतो.

राहिलं लाकूड, आणि ते कमअस्सल मुळीच नाही. बाभळीचा गाभा किंवा शिसव मुठीला उत्तम. लाकूड आडवं फुगतं-आक्रसतं, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. म्हणून रेषा पात्याच्या दिशेनं धरायच्या. वऱ्हाडातल्या मे महिन्यात ओलसर लाकडाची मूठ आक्रसून खिळखिळी होते. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की शेतकरी ती रात्रभर पाण्यात ठेवतो, पण लाकूड पुन्हा वाळलं की दांडा पुन्हा हलतो. सुरीसाठी लाकूड आधी सावलीत महिनोन् महिने वाळवायचं, पात्याचं मागचं टोक तापवून भोकात जाळत बसवायचं, फट लाखेनं भरायची आणि वर पितळी खिळे ठोकायचे. शेवटी जवसाचं तेल चोळून दमटपणा आत शिरण्याचा वेग कमी करायचा.