फिरंग
फिरंग : यूरोपीय पाते व देशी मूठ यांच्या जोडणीतून सिद्ध होणारी, दख्खनमध्ये विशेष प्रचारात असलेली तलवार. ‘फिरंगी’ म्हणजे यूरोपीय, विशेषतः पोर्तुगीज. त्यावरून हे नाव पडले. पुढे त्याच घडणीच्या देशी पात्यांच्या तलवारींनाही फिरंग म्हणू लागले. सोळाव्या शतकापासून तिचा वापर आढळतो.

ही पाती समुद्रमार्गे येत. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले. अहमदनगरच्या (विद्यमान अहिल्यानगर) निजामशाहीचे बंदर चौल येथे १५२१ मध्ये त्यांना किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली. मुर्तजा निजामशाहाने १५७०-७१ मध्ये तेथील पोर्तुगीज ठाण्याला घातलेला वेढा निष्फळ ठरला व तह झाला. अशा बंदरांतून यूरोपीय मालाची देशावर आवक होत असे.

दख्खनमध्ये उत्तम पोलादाची वाण नव्हती. तेलंगणातील कोनसमुद्रम येथे मुशीत तयार होणारे पोलाद इराणपर्यंत जात असे. ते कठीण व धारदार, पण काहीसे ठिसूळ असल्याने आखूड, वक्र पात्यांस अधिक सोयीचे होते. लांब, सरळ व लवचीक पात्यांसाठी यूरोपीय पोलाद सरस ठरले.

फिरंगेचे पाते सामान्यतः सु. ९० सेंमी. लांब व बहुधा एकधारी असते. त्यावर वजन कमी करणाऱ्या पन्हळी असतात. मुठीजवळ दोन्ही बाजूंस पोलादी पट्ट्या रिव्हेटांनी जडवून पात्यास बळकटी देतात. मुठीस रुंद परज, आतून गादी व टोकास लांब दांडी असते. दांडी धरल्याने दोन्ही हातांनी वार करता येतो.

पात्यांवरील खुणांवरून कर्ता ठरविताना सावधगिरी बाळगावी लागते. जेनोआची दातेरी अर्धचंद्राकृती खूण भारतातही उठविली जाई. धावत्या लांडग्याची खूण मूळची पासाउ येथील. पण ती जर्मनीतील झोलिंगेनच्या कारागिरांनीही उचलली. इटलीतील आंद्रेआ फेरारा याचे नाव तर त्याच्या पश्चात अन्यत्र घडलेल्या पात्यांवरही कोरले जाई. खूण ही अनेकदा कर्त्याची सही नसून प्रतीची ग्वाही असे.

देशी कारागिरांची नावे मात्र क्वचितच उरली. अहमदनगर येथे १५४९ मध्ये ओतलेल्या व आता विजापूर येथे असलेल्या ‘मलिक-इ-मैदान’ तोफेवर मुहम्मद बिन हुसेन रूमी हे ओतकाराचे नाव आहे. नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडन येथील लिलावातून मिळविली. तिचे पाते यूरोपीय असून त्यावर रघूजींचे नाव व ‘फिरंग’ हा शब्द देवनागरीत आहे. म्हणजे पात्यावर विदेशी खूण व धन्याचे नाव राहिले. मूठ घडविणारा लोहार, कोफ्तगरी करणारा कारागीर व धार राखणारा शिकलगार अनामिकच राहिले. फिरंगेचे दख्खनी रूप मात्र त्यांचेच कर्तृत्व होय.