कॅमेऱ्यापुढचा माणूसही लेखक

गरम पाण्यात थर्मामीटर बुडवला, की पाण्याचे तापमान किंचित उतरते. मोजण्याच्या खटपटीत वस्तूच बदलते! कॅमेऱ्यापुढे माणसाचेही असेच होते. मग माहितीपट खरा कसा मानावा?

१९६० च्या उन्हाळ्यात झाँ रूश आणि एदगार मोरँ यांनी पॅरिसमधील काही लोकांच्या जीवनाचे चित्रण केले. हलका कॅमेरा व खांद्याला अडकवता येणारा ध्वनिमुद्रक यांमुळे चालत्या माणसाचे चित्र व आवाज एकाच वेळी टिपता आले. नंतर हे चित्रण त्याच लोकांना दाखवले. कोणाला ते खरे वाटले, कोणाला खोटे. ही वादावादीही १९६१ च्या त्या चित्रपटात आहे!

पाणी तक्रार करीत नाही. माणूस करू शकतो. ती तक्रार नोंदली गेली, तेव्हा माहितीपट दिग्दर्शकांइतकाच त्याचाही झाला.